यशोदेचं तीन मिनिटांचं गाऱ्हाणं

केगदवेळच्या किनाऱ्यावर त्या साली इतके बांगडे लागले की समुद्राचं पाणी दोन बोटं खाली गेलं. खोटं वाटत असेल तर मालवणच्या दक्षिणेला उतरून विचारा. तिथली माणसं दोन नव्हे, चार बोटं सांगतील. रापणीचं जाळं ओढायला सगळी वाडी दोन्ही दोरांना लटकली होती. तरी जाळं येईना, तेव्हा रस्त्याने चाललेली एसटी थांबवून आतले उतारू दोराला लावले. कंडक्टरही तिकिटांचं यंत्र गळ्यात तसंच ठेवून वाळूत उतरला. तासाभराने एसटी सुटली तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत पाच-पाच बांगडे होते, कारण केगदवेळचा नियमच तसा आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो गावचा असो, गोव्याचा असो, नाहीतर कडेवरचं पोर असो.

वाटे घालायला यशोदा बसली होती. तिचं वय साठीच्या अलीकडे की पलीकडे, हे रेशनकार्डात एक होतं, आधारकार्डात दुसरं, आणि ती स्वतः विचारणाऱ्याचं तोंड बघून तिसरंच सांगायची. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं ती ह्याच वाळूवर मासळी सुकवत आली. बांगडे, मोरी, गोलमो, जे येईल ते. किनाऱ्याचा तो उंचवटा, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही आणि वारा मात्र चारी बाजूंनी येतो, तो तिचं शेत, तिचा कारखाना आणि तिचं पेन्शन होतं. वाडीतल्या तीस बायका तिच्यासारख्याच त्या वाळूवर जगत होत्या. त्यांच्या गटाची अध्यक्ष यशोदा.

त्याच दिवशी जितेंद्र आला. पायात बूट, बुटांत वाळू, हातात कागद. डोंगरापलीकडच्या गावचा हा मुलगा, मुंबईत शिकून 'नीलतरंग' नावाच्या कंपनीचा माणूस होऊन परतला होता. त्याने होड्यांच्या खोपीच्या खांबाला नोटीस डकवली आणि मोठ्या शुद्ध मराठीत वाचून दाखवली. सव्वा किलोमीटर किनारा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीकडे जाणार. हरकती असल्यास सहा आठवड्यांनी प्रांतांसमोर जाहीर सुनावणी.

"काकी, घाबरू नकात," नोटीस संपताच तो मालवणीत उतरला. "किनारो तुमचोच ऱ्हवतलो. फक्त व्यवस्थापन कंपनीचा."

"म्हणजे घोव माझो, आणि रांधून घालतली शेजारीण," सत्यवती म्हणाली. ती यशोदेची मैत्रीण आणि शेजारीण, दोन्ही होती, त्यामुळे बायका जरा जास्तच हसल्या.

जितेंद्रही हसला. मुलगा वाईट नव्हता. त्याने समजावलं की रापण बंद होणार नाही, उलट रोज होईल. सकाळी दहाला आणि दुपारी चारला, पर्यटकांसमोर. ओढणाऱ्यांना एकसारखे कपडे मिळतील, बायकांना 'अनुभव सहायक' म्हणून नेमणूक मिळेल.

"आणि बांगड्यांका कोण सांगतलो, धा वाजता येवा म्हणान?" यशोदेने विचारलं.

"ता बघूया नंतर," जितेंद्र म्हणाला, आणि त्याने ते खरोखरच वहीत लिहून घेतलं.

तो गेल्यावर मात्र यशोदेचा हात वाट्यावरच थांबला. मासळी कुठे सुकवायची, हे त्या नोटिशीत कुठेच नव्हतं. तिचा उंचवटा नकाशात 'सूर्यास्त कट्टा' झाला होता.

आता अशा वेळी गावात जे होतं तेच झालं. पहिल्या सभेला सगळे जमले आणि प्रत्येकाने आपापली किंमत सांगितली. बाळा मानकरी, जो चाळीस वर्षं गावच्या देवाला, वेळोबाला, गावाचं गाऱ्हाणं घालत आला होता, तो म्हणाला, "देवळार पत्रे नवे घातल्यानी तर कंपनी काय वायट नाय." सत्यवतीला सुनेसाठी नोकरी हवी होती. कुणाला नुकसानभरपाई, कुणाला कंपाउंड. यशोदेला काय हवं ते तिला सांगताच येईना. तिला जे आहे तेच हवं होतं, आणि असल्या मागणीसाठी अर्जाचा नमुना नसतो.

सत्यवतीची भाची अक्षया त्याच सुमाराला मुंबईहून आली. ती विद्यापीठात चळवळींवर प्रबंध लिहीत होती आणि चळवळ शोधत मावशीकडे पोचली होती. तिने खोपीत फळा लावला, त्यावर 'नवउदारमतवादी भांडवलशाही' असं लिहिलं आणि तासभर समजावून सांगितलं. बाहेर जाळी विणणारे हात थांबले. दोन बायका झोपल्या. एक कोंबडी फळ्यापाशी येऊन नीट बघून गेली.

"नवो उदार?" शेवटी सत्यवती म्हणाली. "इतको उदार आसा तर आमचो किनारो आमका सोडून कित्याक जाणा नाय?"

अक्षया आधी गोरीमोरी झाली, मग हसत सुटली, आणि तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. फळा पुसला. "मावशी, मी गप्प बसते. तुम्हीच सांगा, कोणाचं काय चाललंय."

तेव्हापासून रोज दुपारी, जाळी विणता विणता, खोपीत गजाली सुरू झाल्या. सत्यवतीचा पुतण्या सर्वेश कुडाळला एका कारखान्यात होता. सुट्टीला आला तेव्हा तोही येऊन बसला. काकीला सुनेच्या नोकरीची हौस आहे हे कळताच म्हणाला, "नोकरी कशी ता आयका. नऊ वर्सां मियां एकाच मशिनीर आसंय. दर अकरा म्हयन्यांनी माका काढतत आणि आठ दिसांनी नवो म्हणान घेतत. ती मशीन माका वासान ओळखता, आणि साहेब दर वर्साक नाव विचारता."

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याकडून कौस्तुभ आला. तो काजूवाला, सुकी मासळी न्यायला यायचा. त्याने पिशवी खाली ठेवली आणि बसलाच. "माझ्या काजीचो भाव खंय ठरता? माका ठावक नाय, दलालाक ठावक नाय, काजीक तर नायच नाय. गेल्या साली भाव पडलो तेव्हा कारण विचारलंय. दलाल म्हणालो, परदेशातसून बोट इली. आता माझ्या काजीन त्या बोटीचा काय वाकडा केल्यान?"

सगळे हसले. यशोदा हसली नाही. ती बांगडे चिरून मीठ भरत होती, आणि तिचे हात चालले की डोकंही चालायचं. हात थांबले की ते थांबायचं.

"सर्वेशा," ती म्हणाली, "मशिनीक हात कोणाचो?"

"माझो."

"काजीक हात कौस्तुभाचो. वाळूक हात आमचो. मगे वाटो घेवन जाता तो कोण?" तिने हातातला बांगडा मिठात बुडवला. "जेचो हात दोराक खंयच दिसणा नाय, तो. तीनय दोरांक तोच. म्हणान तो सर्वेशाक दिसणा नाय, कौस्तुभाक दिसणा नाय. आमच्याकडे पयल्यांदाच कागद घेवन इलो."

बाळा मानकऱ्याने तोंडातलं पान थुंकायला जायचं राहून गेलं. अक्षयाची लेखणी थांबली.

"यशोदामावशी," ती म्हणाली, "ह्या एका गोष्टीवर आमच्याकडे चारशे-चारशे पानांची पुस्तकं आहेत."

"चारशे पानांत काय करतत मगे? मासे सुकवतत?"

हातात नवी गलोल आली की पोर जसं दिसेल त्यावर दगड मारून बघतं, तसं केगदवेळचं झालं. यशोदेचा प्रश्न गावाने सगळ्यावर लावून पाहिला. मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा कोणी केला, त्या उरलेल्या दोन दिवसांना हात कुणाचा? बाटलीतलं पाणी विकणाऱ्याने पाऊस पाडला होता काय? मालवणच्या बाजारात एका बाईने कांदेवाल्याला इतके प्रश्न विचारले की त्याने दुकान बंद केलं आणि नाशिकला कांदा पिकवणाऱ्या आपल्या मेहुण्याला फोन लावून त्याची माफी मागितली. जो गाव सभेला पत्रे मागत होता, तो आता पत्र्यांच्या कारखान्यात कोण किती तास उभा राहतो ते विचारू लागला. भरपाईचं नाव कुणी काढीना. तीस वर्षांच्या वाऱ्याची भरपाई कशी मोजतात, असं सत्यवतीने एकदा विचारलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

पण गलोल ती गलोल. दगड घरातही पडायला लागले.

"चुलीक हात लावलास?" बाळा मानकऱ्याच्या बायकोने एका दुपारी जेवायला बसलेल्या नवऱ्याला विचारलं. "नाय? मगे वाटो खंयचो?"

बाळाने सत्तर वर्षांत प्रथमच कांदा चिरला. त्याच्या डोळ्यांतून असं पाणी वाहिलं की वाटेवरून जाणाऱ्या तीन बायका घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या आणि कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. आठवड्याभरात वाडीतल्या निम्म्या पुरुषांच्या बोटांना कांद्याचा वास यायला लागला. पहिल्यांदा लाजत, मग चढाओढीने. कुणाचं माशाचं तिखलं जास्त झणझणीत यावर रापणीच्या दोरावर भांडणं व्हायला लागली.

सुनावणीला पाच दिवस राहिले. हरकतदार म्हणून बायकांच्या गटाचं नाव नोंदलं होतं, त्यामुळे बोलायचं होतं यशोदेने. वेळ तीन मिनिटं. अक्षयाने तीन पानं लिहून दिली. सुरेख लिहिली होती, आणि सगळं खोपीतलंच होतं, फक्त इस्त्री केलेलं. यशोदेने ती मोठ्याने वाचून पाहिली तर पहिल्या पानालाच अकरा मिनिटं लागली, आणि 'संसाधनांचं वस्तूकरण' म्हणताना जिभेला अशी गाठ बसली की ती सोडवायला दोन दिवस सोलकढी प्यावी लागली.

"माझ्यान ह्या जावचा नाय," ती अक्षयाला म्हणाली. "ह्या खरा आसा, पण ह्या माझ्या तोंडाचा नाय. साहेब माका थांबवतले आणि वाळू जातली."

अक्षया सभेत बोलायला शिकवू लागली. श्वास घ्या, समोर बघा. यशोदेने श्वास घेतला, समोर बघितलं, आणि समोर समुद्र दिसल्यावर तिला रडू आलं.

त्या दुपारी ती बाळा मानकऱ्याच्या घरी गेली. तो पडवीत विळीवर बसला होता.

"काका, सुनावणीत गाऱ्हाणा घालूचा आसा."

"घालतंय की. कधी येव?"

"तुमी नाय. मियां."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. होडी पाण्यात घालायची असो, घर बांधायचं असो, गावावर संकट असो, माणसं देवासमोर उभी राहतात आणि मानकरी गावाच्या मनातलं एका दमात देवाला ऐकवतो. एकेक वाक्य 'म्हाराजा' म्हणून संपतं, आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते म्हणायचं असं कुणी ठरवत नाही. तोंड आपोआप म्हणतं, जसा पाय ठेच लागली की आपोआप उचलला जातो.

"बायलमाणसान गाऱ्हाणा घातल्याचा सात पिढ्यांत आयकाक नाय," बाळा म्हणाला.

"आणि सात पिढ्या 'व्हय म्हाराजा' कोण म्हणता? देवळात आवाज कोणाचो घुमता, बापयांचो काय बायकांचो?"

बाळाने हातातल्या कांद्याकडे पाहिलं, आणि ह्या बाईशी वाद घालण्याचे दिवस आपण ह्या कांद्याबरोबरच चिरून टाकलेत हे त्याच्या लक्षात आलं.

"घाल," तो म्हणाला. "पण दोन गोष्टी. देवाचा नाव आधी. आणि कोणाक सोडू नको. जो आपल्या वायटार आसा तेचाय बरा मागूचा लागता. नायतर गाऱ्हाणा कौलांच्या वर जाणा नाय, थंयच माळ्यार अडाकता."

सुनावणीचा मंडप कंपनीनेच घातला होता, बरोबर यशोदेच्या उंचवट्यावर. झालरी, पंखे, पांढऱ्या कपड्यांत बांधलेल्या खुर्च्या. केगदवेळच्या लोकांना त्या खुर्च्यांवर बसायला संकोच वाटला, कारण प्रत्येक खुर्चीला पाठीमागे नवरीसारखी गाठ मारलेली होती. प्रांत मॅडम चंद्रपूरकडच्या. बदली होऊन तीनच महिने झाले होते. जंगलाचं माणूस समुद्रावर आलं म्हणून त्या जरा सावध असायच्या, आणि कामाला कडक. बसल्या बसल्या त्यांनी कारकून चंदनला सांगितलं, "शब्द न् शब्द लिहायचा. कुणाचाही गाळायचा नाही."

आधी कंपनीची बाजू. जितेंद्रने पडद्यावर चित्रफीत दाखवली. ड्रोनमधून दिसणारा किनारा इतका सुंदर होता की केगदवेळच्या लोकांनी एकमेकांना विचारलं, हे गाव कुठलं. त्यात एकसारख्या निळ्या कपड्यांतली माणसं हसत हसत दोर ओढत होती आणि जाळ्यात एकही मासा नव्हता.

"आपलं कंपनीतलं पद?" मॅडमनी नोंदीसाठी विचारलं.

"किनारा समन्वयक." जितेंद्र थोडा थांबला. "कंत्राटी तत्त्वावर, मॅडम. अकरा महिन्यांच्या."

मागच्या रांगेत सर्वेशने मान वर केली. यशोदेनेही.

मग तिचं नाव पुकारलं. माइक जितेंद्रच्या हातात होता. तिला तो नकोच होता. पंचवीस वर्षं ती समुद्राच्या आवाजावर आवाज काढून बोलत आली होती. ती उभी राहिली, तिने समुद्राकडे तोंड केलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि हात जोडले. अक्षयाने डोळे मिटून घेतले.

"बा देवा वेळोबा, खाऱ्या पाण्याच्या, गोड्या पाण्याच्या धन्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला. आपोआप.

"आज तुझी लेकरा कंपनीच्या खुर्चेर बसली आसत, तरी तुझ्यासमोर उभीच आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो दर्यो कोणी विणूक नाय, ही वाळू कोणी दळूक नाय. तरी तेची तीस वर्सां कोणीतरी कागदार बांधून ठेवल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दोराक हात लावलो तेका वाटो, ह्या तुझ्या दारात ठरला. आता हात न लावता वाटो मागणारे इले आसत. तेंका जाळा नको, होडी नको, दर्याचा भय नको, नुसतो वाटो होयो. नफो झालो तर तेंचो, तोटो झालो तर गावाचो, आणि वादळ इला तर तुझा, अशी वाटणी केल्यानी म्हाराजा."

आता 'व्हय म्हाराजा' इतकं मोठं आलं की झालरी हलल्या. बंदोबस्ताचा हवालदार टोपी काढून उभा राहिला होता. चंदनची लेखणी चालत होती आणि ओठही चालत होते.

"एकाची काजी, एकाची मशीन, आमची वाळू. दोर वायलेवायले दिसतत, ओढून नेणारो एकच. जा विकूचा नाय ता विकतत, आणि आमकाच सांगतत ह्येका विकास म्हणतत. आमका पगार देतले म्हणतत, मच्छीमार म्हणान मच्छीमाराचा सोंग घेवक. जित्या माणसान आपलाच सोंग घेवन उभा ऱ्हवाचा, ही पाळी कोणार हाडू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग यशोदा वळली. तिने जितेंद्रकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला, जसा आजारी पोराच्या उशाशी येतो.

"आणि ह्यो जितेंद्र, डोंगरापलीकडचो, तुझाच लेकरू. तेकाय परक्याच्या दोराक जुपल्यानी हा. त्येच्या आवशीक त्येचो घोर लागलेलो आसतलो. त्येका अकरा म्हयन्यांच्या फेऱ्यातसून सोडय, त्येच्या हाताक त्येचो वाटो गावांदे म्हाराजा."

गावात ज्याची मुंज-बारशी त्या दोन शब्दांवर झाली, त्या मुलाने दुसरं काय करावं? जितेंद्रचे डोळे मिटले, हात जुळले, आणि मंडपाबरोबर तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आणि ही जी कंपनी इली हा, तिका इल्या वाटेन सुखरूप घराक पावय. तिचे कागद तिच्यावांगडा जांवदेत. वाळू वाळूच्या जाग्यार ऱ्हवांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जितेंद्र म्हणाला, सगळ्यांत मोठ्याने, कारण जोडलेल्या हातांमध्ये माइक होता. कर्ण्यांतून तो शब्द किनाऱ्यावर गेला, तिथून पाण्यावर. त्या वेळी रेडी बंदरात माल चढवत असलेल्या एका बोटीवरच्या खलाशांनीही ऐकून हात जोडले, असं सांगतात. रेडी तिथून किती लांब आहे ते मला सांगू नका. वारा तसा होता.

दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

"कंपनीच्या प्रतिनिधींनी शेवटी काय म्हटलं?" मॅडमनी चंदनला विचारलं.

"'व्हय म्हाराजा', मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे होय, मॅडम."

"कशाला होय?"

चंदनने नोंद वाचली. कंपनीने आल्या वाटेने घरी जावं, कागद बरोबर न्यावेत, वाळू जागेवर राहावी. वाचून झाल्यावर त्याने हळूच मान खाली घातली, कारण वाचतानाही त्याच्या तोंडून 'व्हय' निघालं होतं.

जितेंद्रचा फोन वाजला. कंपनीचे साहेब दिल्लीकडच्या कचेरीतून सगळं पडद्यावर बघत होते. फोनमधला आवाज इतका तापला होता की पुढच्या दोन रांगांना ऐकू येत होता. कोणाला हो म्हणालास? जितेंद्र म्हणाला, देवाला. साहेबांनी विचारलं, तो कोणत्या खात्याचा? जितेंद्रने फोन खाली घेतला.

मॅडम कडक होत्या, पण न्यायी. "हे सवयीने तोंडातून गेलं असेल तर आपण आत्ता मागे घेऊ शकता. मी तशी नोंद करीन."

जितेंद्रने एवढंसं 'नाही' म्हटलं की झालं. तीन मिनिटं संपली होती. आता यशोदेला बोलायचा हक्कही नव्हता.

"घे, घे मागे, बापू," बाळा मानकरी मागून अगदी मायेने म्हणाला. "कोण अडवता? घराकडे जाताना तेवढो वडाकडसून जपान जा."

"काका, भय घालू नकात," यशोदा म्हणाली. मग ती मॅडमकडे वळली. "येक इचारू?" मॅडमनी मान हलवली. "बापू, मागे घेवचा आसात तर घे. फकत खयचा घेतंस ता सांग. कंपनी जांवदे म्हटलंस ता, काय तुझा बरा होवंदे म्हटलंस ता? दोनय एकाच दमात गेले."

जितेंद्र पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर निळ्या कपड्यांतली माणसं अजूनही हसत होती आणि रिकामं जाळं अजूनही ओढत होती. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि पहिल्यांदाच, त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच, त्याचे खांदे खाली आले.

"राहू दे, मॅडम. नोंद बरोबर आहे."

"सही करा."

त्याने केली.

पुढे कंपनीने वर पत्र लिहिलं की सदर उद्गार हा स्थानिक सांस्कृतिक प्रतिसाद असून संमती किंवा नकार समजू नये. ते पत्र मंत्रालयात ज्या कारकुनाच्या टेबलावर गेलं तो ह्याच मुलखातल्या तळेऱ्याचा निघाला. त्याने पत्र वाचलं, हात जोडले आणि शेरा मारला: असा शब्द मागे घेण्याची तरतूद नाही. चारशेबारा लेखी हरकती, प्रांतांचा अहवाल आणि तो शेरा एका फाइलीत बसले आणि प्रस्ताव परत गेला. जितेंद्रचं कंत्राट कंपनीने वाढवलं नाही. अकरा महिन्यांच्या फेऱ्यातून तो सुटला खरा. वेळोबाने एवढी घाई करायला नको होती, असं यशोदेचं मत पडलं. पण मुलगा खुशीत होता. असल्या नोटिशीत कुठला फास कुठल्या ओळीत लपवतात ते त्याला आतून माहीत होतं, आणि जिल्ह्यात नोटिशींना तोटा नव्हता. आता तो आणि कौस्तुभ गावोगाव फिरून त्या वाचून दाखवतात. अक्षयाचा प्रबंध चारशे पानांचा झाला. त्यातल्या किती पानांवर मासे सुकतात ते सत्यवती अजून मोजते आहे.

यशोदेसाठी मात्र निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच लागला होता. ती सूप आणि टोपली घेऊन उंचवट्यावर आली तर मंडप गेला होता, खुर्च्या गेल्या होत्या, पण खाली अंथरलेला हिरवा गालिचा कंत्राटदार दुसऱ्या खेपेला नेणार म्हणून तसाच होता. तिने हात लावून बघितला. वाळू वर येत नव्हती, ओल खाली जात होती. असलं वाळवण तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तीस बायकांनी मिळून साडेचार हजार बांगडे त्यावर पसरले.

दुपारी कुडाळहून टेम्पो आला. कंत्राटदार खाली उतरला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला.

"काकी, माझो गालिचो. परवा लग्न आसा."

"लग्न परवा, आणि बांगडो उद्या सुकतलो. बस, च्या घे. तुका टायम आसा, बांगड्याक नाय."

तो बसला. चहा झाला, जेवण झालं, रात्री सत्यवतीच्या पडवीत झोप झाली. दुसऱ्या दिवशी त्याने गालिचा झाडला, धुतला, अत्तर शिंपडलं आणि कुडाळला नेऊन लग्नात अंथरला. लग्नाचं जेवण शुद्ध शाकाहारी होतं. तरी पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत वऱ्हाडी ताटातला भात उकरून उकरून बघत होते आणि वाढप्याला विचारत होते, "रे, बांगडो कधी येतलो?"